मंगोलियातील ख्रिस्ती मिशनकार्य : तीन प्रयत्नांचा इतिहास

इ. स. १३२१ मध्ये आपल्या ठाण्यात चार फ्रान्सिस्कन संन्यासी मारले गेले. तोलेंतिनोचा थॉमस, पदुआचा जेम्स, सिएनाचा पीटर आणि तिफ्लिसचा दिमित्री अशी त्यांची नावे. धर्मविषयक वादातून तेथील अधिकाऱ्यांनी त्यांना देहदंड दिला. त्यांच्याबरोबर आलेला जॉर्डानुस नावाचा साधू त्या दिवसांत ठाण्याबाहेर होता म्हणून वाचला. त्याने सोबत्यांचे देह सोपाऱ्यास नेऊन पुरले. पुढे ओडोरिक नावाचा दुसरा एक साधू या किनाऱ्यावर आला, त्याने त्या अस्थी उकरून काढल्या आणि गलबतातून थेट चीनच्या किनाऱ्यावरील झैतून बंदरात पोहोचविल्या. आता प्रश्न असा की, हे इटलीचे लोक ठाण्यास कशाला आले होते? ठाणे हे त्यांचे मुक्कामाचे ठिकाण नव्हतेच. त्यांना जावयाचे होते चीनला, आणि चीनवर त्या काळी चंगीझखानाच्या वंशजांचे, म्हणजे मंगोलांचे राज्य होते.

आजच्या विषयाचा धागा असा आपल्या खाडीकाठाला थोडासा लागतो, एवढ्यासाठीच ही हकीकत प्रथम सांगितली. विषय मात्र मंगोलियाचा आहे. सुमारे सत्तर वर्षे साम्यवादी राजवटीखाली राहिलेल्या या देशात १९९० नंतर प्रॉटेस्टंटांपैकी इव्हँजेलिकल म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मिशनांनी जे कार्य केले, त्याचा विचार आपल्याला करावयाचा आहे. प्रत्येक माणसाने स्वतः ख्रिस्ताचा स्वीकार करावा, बायबल हाच अखेरचा आधार मानावा आणि हे शुभवर्तमान दुसऱ्यास सांगणे हे आपले कर्तव्य समजावे, हा या लोकांचा विशेष. अशा कार्याविषयी आपल्याकडे बोलणे निघाले की पुष्कळदा दोनच सूर ऐकू येतात. एक म्हणतो, ही निखळ सेवा. दुसरा म्हणतो, हे निखळ आमिष. दूरच्या देशाचा इतिहास पाहताना आपले मन थोडे अलिप्त राहू शकते, आणि म्हणून या प्रश्नाकडे मंगोलियाच्या वाटेने जाणे आम्हांस सोयीचे वाटते.

मंगोलिया हा देश महाराष्ट्राच्या पाचपट मोठा, आणि वस्ती मात्र आजही सुमारे ३५ लाखांची. उत्तरेस रशिया, दक्षिणेस चीन. मध्ये गवताळ माळराने, गोबीचे वाळवंट आणि हाडे गोठविणारा हिवाळा. घोडे, मेंढ्या, उंट यांवर जगणारे लोक लोकरीच्या नमद्याच्या गोल तंबूत राहतात. या लोकांकडे ख्रिस्ती धर्म एकदा नव्हे, तीनदा गेला. तिसऱ्या वेळचे मर्म ध्यानात येण्यासाठी पहिल्या दोन वेळा काय घडले ते पाहणे अवश्य आहे.

पहिल्याने हा धर्म पश्चिमेच्या राजमार्गाने न जाता इराणकडून व्यापाऱ्यांच्या तांड्यांबरोबर गेला. पूर्वेकडील सिरियन पंथाचे, ज्यांना सामान्यतः नेस्टोरियन म्हणतात, असे ख्रिस्ती उपाध्याय मध्य आशियात हिंडत होते. केराईत, नायमान, ओंगुत या टोळ्यांत त्यांचा चांगला शिरकाव झालेला होता. चंगीझखानाने या टोळ्या जिंकल्या तेव्हा त्यांच्या ख्रिस्ती मुली त्याच्या घराण्यात सुना म्हणून आल्या. त्यांपैकी सोरगागतानी बेकी ही तर मोंगके, कुबलाई आणि हुलागू या तीन बलाढ्य पुरुषांची आई. स्वतः ख्रिस्ती असूनही मुसलमानांच्या विद्यालयास तिने द्रव्य दिले होते, यावरून त्या घराण्याची वृत्ती कळून येते.

रुब्रुकचा विल्यम हा फ्रान्सिस्कन साधू १२५४ मध्ये काराकोरम राजधानीस पोहोचला, तेव्हा मोंगके खानाने ख्रिस्ती, मुसलमान आणि बौद्ध पंडितांचा जाहीर वाद करविला. वाद पुष्कळ रंगला. पण विल्यम स्वतःच लिहून ठेवतो की, त्यामुळे कोणी ख्रिस्ती झाले नाही, आणि शेवटी सर्व मंडळी एकत्र बसून मद्य प्याली. हाताला जशी पाच बोटे तसे देवाने माणसांना निरनिराळे मार्ग दिले आहेत, अशा अर्थाचे उत्तर खानाने त्यास दिले. विल्यमने साऱ्या मुक्कामात सहाच जणांना बाप्तिस्मा दिला. १३६८ मध्ये चीनमधील मंगोल राज्य बुडाले आणि तेथील ख्रिस्ती मंडळ्या त्याबरोबर नाहीशा झाल्या. ज्या धर्माचे मूळ राणीवशात आणि दरबाराच्या कृपेत होते, तो दरबार उठताच उठून गेला. सोळाव्या शतकात मंगोलांनी तिबेटी बौद्ध धर्म स्वीकारला आणि तो मात्र थेट मेंढपाळाच्या तंबूपर्यंत गेला.

दुसरा प्रयत्न एकोणिसाव्या शतकातला. ज्या १८१८ साली पेशवाई बुडाली, त्याच साली लंडन मिशनरी सोसायटीचा एडवर्ड स्टॅलिब्रास हा इंग्रज सैबेरियात इर्कुत्स्क येथे येऊन दाखल झाला. बैकाल सरोवराजवळ राहणारे बुर्यात लोक हे मंगोलच. त्यांची वस्ती रशियाच्या झारच्या मुलखात होती आणि झार पहिला अलेक्झांडर याची या मिशनला अनुमती होती. विल्यम स्वान आणि रॉबर्ट यूल हे सोबती त्याला येऊन मिळाले. सेलेंगिन्स्कच्या आसपास त्यांनी शाळा काढल्या, औषधे दिली, छापखाना घातला आणि मूळ हिब्रूवरून जुन्या कराराचे भाषांतर लिखित मंगोल भाषेत केले. ख्रिस्ती होणारे लोक अगदी थोडे निघाले. पुढे झार निकोलस गादीवर आला. रशियाच्या धर्मपीठाला हे परदेशी पाहुणे पसंत नव्हते. १८४० मध्ये मिशन बंद करण्याचा हुकूम सुटला. त्याच वर्षी जुना करार छापून पुरा झाला होता. नवा करार १८४६ मध्ये लंडनला छापावा लागला. राजाच्या परवान्याने आलेले कार्य राजाच्या हुकमाने गेले, मागे राहिले ते पुस्तक.

त्यानंतर स्कॉटलंडचा जेम्स गिल्मर १८७० मध्ये चीनमध्ये आला. मंगोलांबरोबर तंबूत राहावे, त्यांचेच अन्न खावे, त्यांचीच भाषा बोलावी असा त्याचा नेम होता. १८८३ मध्ये त्याने मंगोलांविषयी लिहिलेले पुस्तक युरोपात आवडीने वाचले गेले; पण धर्मांतराच्या हिशेबाने पाहिले तर त्याच्या कष्टांचे फळ जवळजवळ शून्यच. १८९१ मध्ये तो तिएनत्सिन येथे मरण पावला. लामांच्या मठांभोवती सगळे जीवन गुंफलेले असताना एकट्या मंगोलाने त्यातून बाहेर पडावयाचे, म्हणजे घर, गोत आणि पंचांग सारेच सोडावयाचे, हे त्याच्या ध्यानात आले होते.

मग क्रांती झाली. १९२१ मध्ये सोव्हिएत साहाय्याने नवे सरकार आले आणि १९२४ मध्ये मंगोलियन जनता प्रजासत्ताक घोषित झाले. ख्रिस्ती मिशनरी जे थोडे होते ते निघून गेले. परंतु साम्यवादाचा खरा घाव बसला तो बौद्ध धर्मावर. चोयबालसानच्या राजवटीत १९३७ ते १९३९ या काळात सुमारे ३० हजार माणसे ठार मारली गेली, आणि त्यांपैकी निम्म्याहून अधिक लामा होते. सुमारे ७०० मठ पाडले, जाळले किंवा ओस पाडले गेले. १९४४ मध्ये राजधानीतील गंदन मठ तेवढा पुन्हा उघडला, तोही देखरेखीखाली आणि पाहुण्यांना दाखविण्यापुरता. आजोबा लामा होते हे नातवाला सांगावयाचे नाही, घरातील मूर्ती पेटीच्या तळाशी लपवावयाची, अशी दोन पिढ्यांची रीत पडली.

याच राजवटीने दुसऱ्या बाजूने शाळा काढल्या, वसतिगृहे बांधली, आणि मेंढपाळाची मुलगीदेखील वाचावयास शिकली. साक्षरता जवळजवळ सार्वत्रिक झाली. १९४० नंतरच्या वर्षांत जुनी उभी मंगोल लिपी बाजूस सारून रशियन वळणाची सिरिलिक लिपी आणली गेली. त्यामुळे स्टॅलिब्रास आणि स्वान यांचे बायबल कोठे सापडलेच तरी सामान्य माणसाला वाचता येणार नव्हते. म्हणजे १९९० मध्ये परिस्थिती अशी की, सगळा देश वाचू शकतो, जुन्या धर्माचे आचार्य नाहीसे झालेले आहेत आणि नव्या धर्माचे पुस्तक अजून हातात नाही. तिसऱ्या प्रयत्नाची सारी कारणे या एका वाक्यात आहेत असे आम्हांस वाटते.

डिसेंबर १९८९ मध्ये उलानबातरच्या चौकात तरुणांची निदर्शने सुरू झाली. मार्च १९९० मध्ये पक्षाच्या सर्वोच्च मंडळाने राजीनामा दिला आणि जुलैत अनेक पक्षांच्या निवडणुका झाल्या. रक्त न सांडता हे परिवर्तन झाले, ही त्या लोकांच्या शहाणपणाची साक्ष होय. याच १९९० मध्ये नव्या कराराचे अर्वाचीन मंगोल भाषेतील भाषांतर सिरिलिक लिपीत छापून तयार झाले. जॉन गिबन्स नावाच्या इंग्रजाने मंगोल सहकाऱ्यांच्या साह्याने ते अनेक वर्षे खपून केले होते. त्या वेळी साऱ्या देशात ख्रिस्ती माणसे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती, असे मिशनरी वृत्तान्त सांगतात.

पुस्तकापाठोपाठ माणसे आली. अमेरिका, इंग्लंड, स्कँडिनेव्हिया येथून आली, आणि मोठ्या संख्येने दक्षिण कोरियातून आली. कोरियन माणूस चेहऱ्यामोहऱ्याने मंगोलांना परका वाटत नसे, आणि कोरियात कामधंद्यासाठी जाण्याची वाट मंगोल तरुणांना हवी होती. येशूच्या चरित्रावरील चित्रपट मंगोल भाषेत गावोगाव दाखविण्यात आला. मिशनरी म्हणून राहण्याची परवानगी मिळणे कठीण असल्यामुळे पुष्कळ जण इंग्रजीचे शिक्षक, डॉक्टर, पशुवैद्य किंवा मदत-संस्थांचे कार्यकर्ते म्हणून राहिले.

आता हा काळ कसा होता ते पाहा. सोव्हिएत रशियाकडून येणारे साहाय्य १९९१ मध्ये थांबले आणि देशाचा संसार एकदम उघड्यावर पडला. अन्नधान्याचे रेशनिंग आले, कारखाने बंद पडले, राजधानीतील अनाथ मुले थंडीतून वाचण्यासाठी रस्त्याखालून जाणाऱ्या गरम पाण्याच्या नळांच्या भुयारांत राहू लागली. १९९९ ते २००२ या ओळीने आलेल्या हिवाळ्यांत, ज्याला मंगोल लोक 'झुद' म्हणतात अशी आपत्ती कोसळली. लाखो जनावरे बर्फात उभ्याउभ्या मेली आणि मेंढपाळ कुटुंबे उलानबातरच्या टेकड्यांवर तंबू ठोकून राहावयास आली. या वस्त्यांत मिशनांनी अन्न वाटले, मुले सांभाळली, दवाखाने चालविले, दारूच्या व्यसनातून माणसे सोडविली, आणि याच वस्त्यांत मंडळ्या स्थापन झाल्या.

येथेच आमिषाचा आरोप उभा राहतो. गंदन मठातील लामांनी तो केला, वर्तमानपत्रांनी केला. त्यात तथ्य नव्हते असे म्हणवत नाही. फुकट इंग्रजी शिकावयास मिळते म्हणून प्रार्थनेला येणारे तरुण होते, परदेशी जाण्याची आशा धरणारे होते, गोणीभर पिठासाठी येणारेही होते. १९९३ च्या कायद्याने बौद्ध धर्माचे प्राधान्य मान्य केले, धर्मप्रसारावर बंधने घातली आणि भौतिक लाभ दाखवून धर्म पसरविण्यास मनाई केली. ख्रिस्ती मंडळ्यांनी घटना-न्यायालयाकडे दाद मागितली, आणि १९९४ मध्ये त्या न्यायालयाने कायद्यातील काही बंधने घटनाविरोधी ठरविली. चार वर्षांपूर्वी ज्या देशात न्यायालय पक्षाचे होते, तेथे मूठभर लोकांच्या तक्रारीवरून कायद्याची कलमे रद्द व्हावीत, ही गोष्ट लहान नाही.

परंतु लामांच्या दुःखाची बाजूही समजून घेतली पाहिजे. ज्यांचे गुरू मारले गेले, ग्रंथ जाळले गेले, ते सुमारे अर्ध्या शतकानंतर पुन्हा डोके वर काढीत असताना संपन्न देशांचे लोक छापील पुस्तके आणि चित्रपट घेऊन आले. ही लढत बरोबरीची नव्हती. त्यांच्या मदतीसही बाहेरचा माणूस आला, आणि तो आपल्या देशातून गेला ही अभिमानाची गोष्ट. लडाखचे कुशोक बकुला रिंपोछे १९९० मध्ये भारताचे राजदूत म्हणून उलानबातरला गेले आणि दहा वर्षे राहिले. वकिलातीचे काम सांभाळून त्यांनी मठ पुन्हा सुरू करविले, लामांच्या शिक्षणाची सोय केली आणि राजधानीत स्वतः एक विहार स्थापन केला. मंगोल लोक त्यांना आदराने राजदूत-गुरू म्हणत. तेव्हा बाहेरून येणे हाच दोष मानला, तर तो दोन्ही धर्मांना लागतो.

मग फरक कशाने पडला? आमच्या मते भाषेने. मठातील पाठ तिबेटी भाषेत चालत. भक्तिभावाने ऐकणाऱ्या मंगोल माणसाला त्यांतील अक्षर कळत नसे. ख्रिस्ती मंडळीत पुस्तक त्याच्याच बोलीत होते आणि ते स्वतः उघडून वाचण्याचा आग्रह होता. ज्ञानेश्वर-एकनाथांच्या महाराष्ट्राला या गोष्टीचे महत्त्व समजावून सांगावयास नको. पुढे बौद्ध विहारांनीही ग्रंथांची मंगोल भाषांतरे, सामान्यांसाठी प्रवचने आणि अन्नछत्रे सुरू केली. प्रतिस्पर्धी आल्याने घर झाडले जाते, तसे हे झाले.

या भाषेच्या प्रश्नात एका शब्दाचा वाद सर्वांत उद्बोधक आहे. देवाला काय म्हणावे? मंगोल भाषेत रूढ शब्द 'बुर्खान'. एकोणिसाव्या शतकातील भाषांतरकारांनी तोच घेतला होता. गिबन्सला तो नको वाटला, कारण बुर्खान म्हणजे बुद्ध, आणि बुद्धाची मूर्तीही बुर्खानच. म्हणून त्याने 'येर्तोंत्सीन एझेन', म्हणजे विश्वाचा धनी, असा शब्दप्रयोग योजला. नव्या मंडळ्यांत यावरून दोन तट पडले. एका पक्षाचे म्हणणे, जुना शब्द घेतला तर जुनी मूर्तीही बरोबर येईल. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे, आजी संकटात ज्या नावाने हाक मारी तेच नाव घेतल्यावाचून हाक मनातून निघणार नाही. २००० मध्ये मंगोल भाषांतर-समितीचे संपूर्ण बायबल प्रसिद्ध झाले, त्यात 'बुर्खान' हाच शब्द आला, आणि बहुतेक मंडळ्यांत तोच रुळला.

शब्दशास्त्रज्ञ सांगतात की, 'बुर्खान' यातील पहिला अवयव म्हणजे आपला 'बुद्ध'च. चिनी उच्चारातून घासत घासत तो मध्य आशियात गेला आणि तेथे त्याला 'खान' जोडला गेला. गंगेच्या खोऱ्यातून निघालेला शब्द गोबीच्या पलीकडे जाऊन ख्रिस्ती लोकांच्या प्रार्थनेत बसला. अशा वाटचालीपुढे शुद्धतेचे आग्रह कितपत टिकणार? आपल्याकडेही हेच घडलेले आहे. फादर स्टीफन्सने १६१६ च्या ख्रिस्तपुराणात स्वर्गाला वैकुंठ म्हणावयास मागेपुढे पाहिले नाही. उलट पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्तिसदनात बायबलचे भाषांतर केले, ते त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ मध्ये पूर्ण स्वरूपात निघाले. त्यात हिंदू तत्त्वज्ञानाचा वास येणारे शब्द त्यांनी कटाक्षाने टाळले. रेव्हरंड टिळकांनी पुन्हा अभंग आणि ओवी हाती धरली. एकाच धर्माची ही तीन माणसे, पण परक्या गोष्टीला घरात कोठे बसवावयाचे याविषयी तिघांची तीन मते.

तिसऱ्या प्रयत्नातील आणखी एक गोष्ट पहिल्या दोहोंत नव्हती. ती म्हणजे कार्य स्थानिकांच्या हाती देणे. एर्देनेत हे तांब्याच्या खाणीभोवती सोव्हिएत साहाय्याने वसलेले शहर. तेथे स्वीडन-अमेरिकेहून आलेल्या तरुण मिशनऱ्यांनी उभी केलेली मंडळी १९९६ मध्ये मंगोल वडीलधाऱ्यांच्या हाती सोपविण्यात आली आणि परदेशी माणसे निघून गेली. सगळीकडे असे झाले नाही. पुष्कळ मंडळ्या परदेशच्या पैशावर, परदेशी पाद्र्याच्या तंत्राने चालत राहिल्या. मंगोल सहकाऱ्याला नोकर समजल्याच्या तक्रारीही झाल्या.

याचा हिशेब शिरगणतीत दिसतो. २०१० च्या शिरगणतीत पंधरा वर्षांवरील लोकांपैकी २.१ टक्के लोकांनी आपण ख्रिस्ती असल्याचे सांगितले. शून्यातून वीस वर्षांत एवढी वाढ पाहून मिशनांना धन्यता वाटली आणि मठांना चिंता. २०२० च्या शिरगणतीत हाच आकडा १.३ टक्क्यांवर आला. बौद्ध निम्म्याहून थोडे अधिक, आणि कोणताच धर्म न मानणारे सुमारे ४० टक्के. म्हणजे मिशनांची आशा आणि मठांची धास्ती, दोन्ही काळाने खोट्या पाडल्या. इंग्रजीसाठी आलेले इंग्रजी शिकून गेले, पिठासाठी आलेले दिवस पालटताच गेले. साम्यवादाने उकरलेली पोकळी मात्र अजून पुष्कळशी तशीच आहे, तिच्यात ना घंटा वाजते ना शंख.

तथापि जे उरले त्यांना आमिषाचे म्हणणे आता न्याय्य होणार नाही. ज्यांना देण्यासारखे आता फारसे काही उरलेले नाही, तरीही जे तंबूवस्तीत रविवारी जमतात, आपल्या चालीवर रचलेली गीते गातात आणि शेजारचा आजारी म्हातारा पाहून येतात, ते आपल्या मनाने तेथे आहेत. २०२३ मध्ये पोप फ्रान्सिस मंगोलियास गेले. तेथील रोमन कॅथलिक अवघे दीड हजारांच्या आत. गुयुक खानाने १२४६ मध्ये पोपला शरण येण्याविषयी जे पत्र पाठविले होते, त्याची नक्कल त्यांनी भेट म्हणून बरोबर नेली, आणि लामा व शामान यांच्या शेजारी बसून ते बोलले.

येणेप्रमाणे तीन प्रयत्नांचा जमाखर्च आपल्यापुढे आहे. राणीच्या आश्रयाने आलेला धर्म राज्याबरोबर गेला. झारच्या परवान्याने आलेले मिशन परवान्याबरोबर गेले. डॉलर आणि पीठ यांच्या जोरावर जी गर्दी जमली होती, ती त्यांचा तुटवडा होताच पांगली. मागे उरले ते मंगोल माणसाने स्वतः वाचले, आपल्या शब्दांत म्हटले आणि आपल्या खांद्यावर घेतले तेवढेच. मठ पाडणाऱ्यांना लोकांच्या मनातून बुर्खान काढता आला नाही, आणि नवा धर्म आणणाऱ्यांनाही बुर्खानचे बोट धरूनच पुढे जावे लागले. धर्मांतराविषयी आपल्या गावात पुन्हा वाद निघेल, तेव्हा किती आले यापेक्षा, देणाऱ्याचा हात मागे गेल्यावर कोण आणि कशासाठी राहिले, एवढे आपण विचारावे. हा प्रश्न मिशनऱ्याला विचारावा, तसाच त्याला विरोध करणाऱ्यालाही विचारावा. ठाण्याहून सोपाऱ्यास आणि तेथून झैतूनला गेलेल्या त्या अस्थींच्या मागेही अखेर हाच प्रश्न चालत गेला होता.